मधल्याने दिलेली पोच

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती! 'मी बरा आहे, काम फार आहे, तू तब्येतीला जप.' एवढं तर दुकानाच्या पाटीवरही मावेल. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि तुमच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. आता मोठे काय झालात, शब्दाला महाग झालात. फोन करा म्हणावं तर माझ्या कानांनी केव्हाच हात टेकलेत. यंत्र लावलं तरी फोनवर मला नुसती घरघर ऐकू येते आणि मी आपली अंदाजाने 'हो हो' करते. म्हणून पत्र. आणि पत्र कसं लांब पाहिजे, नाहीतर वाचायला बसल्यासारखं वाटत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. रस्त्यावर तयार चष्म्यांची दोन झगमगीत दुकानं झाली, तरी ज्यांचे नंबर अवघड असतात ते फिरून यांच्याकडेच येतात. दिवसभर भिंग घासायचं चाक फिरत असतं. तुमचं पत्र आलं की मी दुकानामागच्या खोलीत बसून मोठ्याने वाचते. हे पाठ करून बसतात, 'मला त्यातलं काही ऐकायचं नाही' असा सगळा आव. पण चाक थांबतं. मला ऐकू कमी येत असलं तरी दिसतं चांगलं.

आता एक सांगा, तुम्ही नेमकं काय काम करता? शेजारीण विचारते, मी म्हणते, 'कॉम्प्युटरमध्ये आहेत.' ती म्हणते, 'कॉम्प्युटरमध्ये काय?' 'वेब सर्व्हिस' एवढे दोन शब्द मी पाठ केलेत, त्यापुढे गाडी जात नाही. मला कळेल असं लिहा. शाळेत मी गणितात पहिली यायचे, हे या घरात कुणी कधी विचारलंच नाही.

तुमची वहिनी

ता.क. हे म्हणताहेत, बारक्याला विचार, डोळ्यांचा नंबर शेवटचा कधी तपासला? दिवसभर पडद्याकडे बघणाऱ्याने आळस करू नये.

---

२५ फेब्रुवारी

वहिनी,

चिठ्ठी म्हणालीस ते लागलं. हे घे लांब पत्र, आणि कंटाळलीस तर दोष तुझा.

समज, एका हॉस्पिटलचा औषधांचा साठा आहे. औषध कमी झालं की तिथला प्रोग्रॅम आपणहून पुरवठादाराच्या प्रोग्रॅमला निरोप धाडतो, 'अमुक इंजेक्शनं पाठवा.' माणूस मधे नाहीच. इंटरनेटवरून असे दुसऱ्याचे निरोप घेऊन काम करून देणारे जे प्रोग्रॅम, त्यांना म्हणायचं वेब सर्व्हिस. आता हे दोघं एकेकटे अगदी गुणी. भानगड होते ती एकत्र आल्यावर. हॉस्पिटलवाला एक ऑर्डर पाठवतो आणि 'मिळाली' अशी पोच येईपर्यंत थांबतो, पोच आल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही. पुरवठादाराला पोच द्यायची रीतच माहीत नाही. दिवसाच्या सगळ्या ऑर्डरी हातात आल्या की तो एकदम कळवतो, 'माल निघाला.' म्हणजे हा थांबलाय पोचेसाठी आणि तो थांबलाय उरलेल्या ऑर्डरींसाठी. दोघंही सभ्यपणे थांबतात आणि औषध काही येत नाही.

दोन्ही प्रोग्रॅम परक्यांच्या मालकीचे, त्यांना हात लावायची सोय नाही. मग आम्ही मधे तिसरा बसवतो. त्याचं नाव मध्यस्थ. याचं बोलणं त्याला झेपेल अशा रीतीने सांगायचं, काही मागेपुढे करायचं, ज्याला पोच हवी त्याला पोच द्यायची आणि गाडी चालू ठेवायची. हा मध्यस्थ बनवणं आणि तो कुठल्याही परिस्थितीत अडकणार नाही हे गणिताने सिद्ध करणं, हे माझं काम. बाकीचे लोक प्रोग्रॅम चालवून बघतात, शंभरदा चालला की म्हणतात चालतो. मला ते पटत नाही. मी दोघांमध्ये होऊ शकणारं प्रत्येक संभाषण गोल आणि बाण काढून मांडतो, मग कॉम्प्युटर त्यातली एकूण एक वाट चालून बघतो. एकाही वाटेवर कुणी अडकलं नाही, तर सिद्धता झाली. मग त्यावर वाद नाही.

शेजारणीला सांग, माझे दीर दोन मुक्यांना बोलतं करतात.

दादाने नंबराचं विचारलं हे वाचून बरं वाटलं. त्याला काय उत्तर द्यावं ते सुचत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

धाकटा

---

१० मार्च

प्रिय भाऊजी,

पत्र दोनदा वाचलं. एकदा यांच्यासाठी मोठ्याने, एकदा माझ्यासाठी मनात. तुमचा तो मध्यस्थ मला फार आवडला हो. बिचारा! दोन शहाण्यांच्या मधे उभा राहून दिवसभर याचं त्याला आणि त्याचं याला. शेजारीण म्हणाली, यात काय मोठं, प्रत्येक घरात एक असतोच. मी विषय बदलला.

एक शंका आहे. पुरवठादार पोच देतच नाही म्हणालात. मग मध्यस्थ ती आणतो कुठून? स्वतःच्या मनाने देतो? आणि हॉस्पिटलला कळत नाही की ही पोच त्याची नाही, मधल्याची आहे? यात तुमच्या गणिताच्या दृष्टीने काही चूक नाही ना, तेवढं कळवा.

आता रागावणार असाल तर रागवा, पण मी जुनं उकरून काढणार आहे. मामंजी हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा तुम्ही फोनवर 'निघतो' म्हणालात. तुमचं काही मोठं काम चालू होतं, ते मला तेव्हाही कळलं होतं. पण दार वाजलं की मामंजी मान वळवायचे, आणि हे त्यांना सांगायचे, 'निघालाय तो, वाटेत आहे.' तुम्ही आलात ते सगळं आटपल्यावर. तुम्ही आला नाहीत याचा राग यांनी गिळला असता. पण 'मरणाऱ्या माणसाशी माझ्या तोंडून खोटं बोलवून घेतलंस' हे यांचं वाक्य मी तेव्हा ऐकलं, माझे कान तेव्हा चांगले होते. त्यानंतर तुम्ही दोघं बोललेले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि या घरात तर दोन सुंभ आहेत.

म्हणून सांगते, या उन्हाळ्यात चार दिवस या. समोर बसलात की काही ना काही बोलाल, निदान भांडाल. माझंही वय होतंय. हल्ली लिहिताना मधेच हाताला मुंग्या येतात आणि अक्षर घसरतं, बघा वरची ओळ कशी गेलीय.

तुमची वहिनी

ता.क. हे म्हणताहेत, बारक्याचं अभ्यासाचं टेबल दुकानात खिडकीशी अजून तसंच आहे. कुणाला हलवू दिलेलं नाही.

---

३० मार्च

वहिनी,

तुझी शंका ऐकून मी थक्क झालो. आमच्या कचेरीत हे कुणी विचारलं नव्हतं. हो, मध्यस्थ पोच मनानेच देतो. आमच्या शास्त्रात ते चालतं. हॉस्पिटलला उत्तर हवं होतं, मिळालं; ते पुढे सरकलं; कुणी अडकलं नाही. पोच कुणी दिली याने गोल आणि बाणांना काही फरक पडत नाही.

आणि बातमी अशी की सिद्धता पूर्ण झाली! कॉम्प्युटरने सगळ्या वाटा पालथ्या घातल्या, एकही अडलेली नाही. आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आता उन्हाळ्यात हॉस्पिटलात ते प्रत्यक्ष सुरू होणार, त्यामुळे तेव्हा मला हलता येणार नाही. हिवाळ्यात नक्की.

टेबलाचं वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तुझ्यापासून काय लपवायचं. ता.क.मधून वरवर विचारपूस करत असला तरी मी समजत होतो, दादाने मला मनातून काढूनच टाकलंय. माफी मागायला हवी हे मला कळतं, कितीदा कागद पुढे ओढला, पण त्याच्या रागाची धास्ती होती. तो निवळलाय म्हटल्यावर आता घाई कसली? समोरासमोर बसून नीट मागीन. तोवर दादाला काही सांगू नकोस. जे आहे ते मीच सांगीन.

धाकटा

---

१८ एप्रिल

प्रिय भाऊजी,

सिद्धतेबद्दल अभिनंदन. शेजारणीलाही सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तोंड गोड करून गेली.

उन्हाळा नाही, हिवाळा. बरं. 'घाई कसली' हे तुमचं वाक्य मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी इकडचं लिहावं आणि तुम्हाला इतकं बरं वाटावं की तुम्ही खुशाल बसून राहावं, असं होऊन बसलं. माझा हिशेब वेगळा होता. मला वाटायचं, दोन्हीकडे जरा ऊब लागली की तुम्ही दोघं आपोआप हलाल. पण ऊब लागली की माणूस आणखीच पांघरूण ओढून घेतो.

असो. जास्त लिहीत नाही, हात दुखतो.

तुमची वहिनी

ता.क. हे म्हणताहेत, हिवाळ्यात थंडी फार असते. त्याआधी ये.

---

९ जून

वहिनी,

फार वाईट झालं. हे आणखी कुणाला लिहावं ते कळत नाही म्हणून तुला लिहितोय.

पुरवठादाराने त्यांच्या बाजूला काहीतरी बदल केला आणि त्यांची सर्व्हिस ऑर्डरी घेईनाशी झाली. मध्यस्थ निरोप पाठवत होता आणि ते तिकडे पोचतच नव्हते. इकडे हॉस्पिटलला मात्र तो शिस्तीत सांगत होता, 'मिळाली, मिळाली, मिळाली.' 'माल निघाला' आलं नाही तरी, आज ना उद्या येईल म्हणून तिथले लोक निर्धास्त. पोच येतेय म्हटल्यावर फोन कोण करतो? भुलीच्या औषधाचं कपाट उघडलं तेव्हा नर्सच्या लक्षात आलं की आत काही नाही. ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. एका बाईंना उपाशी ठेवून, सगळी तयारी करून, चाकाच्या खाटेवर दारापर्यंत नेलं होतं, तिथून परत आणलं. शेजारच्या हॉस्पिटलाने औषध उसनं दिलं म्हणून निभावलं. कुणी दगावलं नाही. पण मी तिथे गेलो तेव्हा त्या बाई खाटेवर बसून होत्या, आणि त्यांच्या मुलाने मला विचारलं, 'तुम्ही बसवलं का ते?' मी हो म्हणालो.

सिद्धता पुन्हा तपासली. वहिनी, तिच्यात एकही चूक नाही. हेच तर जिव्हारी लागलंय. मी विचारलं होतं, 'कुणी अडकतं का?' विचारायला हवं होतं, 'जे सांगितलं जातंय ते खरं आहे का?' गणित बरोबर सोडवलं, पण प्रश्नच भलता घेतला. मधे मध्यस्थ नसता तर हॉस्पिटल अडकलं असतं, कुणीतरी वैतागून फोन उचलला असता आणि दोन माणसं एकमेकांशी बोलली असती. ते अडकणंच बरं होतं. मी ते मोठ्या हुशारीने काढून टाकलं. तुझी शंका मला आठवते आहे. तू विचारलं होतंस आणि मी 'आमच्या शास्त्रात चालतं' म्हणून सोडून दिलं.

आता नियम घातला आहे. मध्यस्थाने मनाचं काही बोलायचं नाही. जे ऐकलं तेवढंच पुढे द्यायचं. काही आलं नसेल तर स्पष्ट सांगायचं, 'तिकडून काही आलेलं नाही.'

धाकटा

---

२४ जून

प्रिय भाऊजी,

पत्र वाचलं. त्या बाई आता कशा आहेत? त्यांचं ऑपरेशन झालं का ते आधी कळवा.

तुम्ही स्वतःला फार बोल लावून घेऊ नका. आणि त्या मध्यस्थालाही लावू नका. तो काही लबाड नव्हता. दोन्हीकडचे भले आणि दोन्हीकडचे गप्प, मग मधे उभं केलेल्याने करायचं तरी काय? त्याला वाटत असेल, आज एवढी पोच देऊन वेळ निभावू, उद्या खरी येईल. आणि उद्या आली नाही की परत एक. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती किती दिवस झाकून ठेवणार? हात दुखायला लागतो.

तुमचा नवा नियम बरोबर आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला.

भाऊजी, मला तुमच्याशी बोलायचंय. पत्रात लिहिण्यासारखं नाही. तुम्हाला समोर बसवून सांगायचंय, आणि यांनाही. एकट्याला सांगितलं तर चालणार नाही. हिवाळ्याची वाट बघू नका. मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही, हे मागते.

तुमची वहिनी

---

१५ जुलै

वहिनी,

त्या बाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरीही गेल्या.

तुझ्या पत्राने किती धीर आला म्हणून सांगू. मध्यस्थाची बाजू घेता घेता माझीच समजूत काढलीस, ते मी ओळखलं. तू वकील व्हायला हवी होतीस.

एक गोष्ट खटकली. या वेळी ता.क. नव्हता. इतक्या वर्षांत तुझं पत्र ता.क.शिवाय आलेलं मला आठवत नाही. दादा रागावलाय का? हॉस्पिटलचं ऐकून त्याला बाबांचे दिवस आठवले असतील, आणि पुन्हा माझंच काम आड आलं म्हणून वाटलं असेल. तसं असेल तर लपवू नकोस. त्याचा एक शब्द आला असता तर बरं वाटलं असतं, आत्ता खरी गरज होती.

यायचं म्हणतेस ते डोक्यात आहे. पण इथे चौकशी चालू आहे, रोज कुणीतरी समोर बसवून तेच विचारतं. ती संपली की लगेच निघतो.

धाकटा

---

३ सप्टेंबर

बारक्या,

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लागत नसेल तर चष्मा पुसून वाच.

जुलै संपता संपता तुझी वहिनी स्वयंपाकघरात पडली. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली म्हणाले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता घरी आणलंय. डॉक्टर फारसं काही बोलत नाहीत, यातच काय ते समजायचं.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. फोन हातात घेतलाही होता. पण तुला काही कळवायचं म्हणजे ते तिचं काम, ही इतकी जुनी सवय की मी तिलाच म्हणालो, 'अगं, धाकट्याला लिही.' ती खाटेवर, डावा डोळा तेवढा हलतोय, आणि मी तिला सांगतोय लिही. मग माझं मलाच कळलं. बाबा गेले तेव्हाही मी रडलो नव्हतो, तेव्हा रडलो.

ती डोळे मिटून पडून असते. घरी येणारी नर्स म्हणाली, काहीतरी ओळखीचं वाचून दाखवा. तुझी पत्रं तिने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. मी कधी हात लावला नव्हता. ती वाचायची, मी पाठ करून ऐकायचो, एवढाच माझा संबंध. आता मी वाचायला घेतली. तिला ऐकू जावं म्हणून ओरडूनच वाचावं लागतं. समोरच्या शिंप्यालासुद्धा आता तुझा मध्यस्थ तोंडपाठ झालाय.

ती वाचायची तेव्हा पत्राच्या शेवटी माझ्यासाठी एक ओळ असायची. दर वेळी. त्या ओळीसाठी मी चाक थांबवायचो, ते तुला आता सांगायला हरकत नाही. 'दादाला म्हणावं, त्याने केलेला चष्मा अजून आहे, काडी मोडली तरी टाकला नाही.' 'दादाची पाठ दुखते का अजून?' आणि एप्रिलमध्ये एकदा, 'दादाला सांग, त्या वेळी मी निघायला हवं होतं.' त्या दिवशी मी चाक परत लावलंच नाही. ती म्हणाली, काही कळवू का? मी म्हणालो, बघू. मनात म्हटलं, म्हणतोय ना, म्हणू दे आणखी थोडं. इतकी वर्षं मी थांबलो, आता तो थांबेल जरा. मला ते सुखाचं वाटत होतं, बारक्या. तू माफी मागत राहावं आणि मी उत्तर देऊ नये, हे सुख. मग जूनच्या पत्रापासून ओळ येईना. मी विचारलं, संपलं पत्र? ती म्हणाली, संपलं. मला वाटलं, तू कंटाळलास.

आता वाचताना मी तीच ओळ शोधत होतो. सापडेना. पानं उलटून पाहिली, मागची बाजू पाहिली, पाकिटं फाडून पाहिली. कामाचं भिंग लावून पाहिलं, कारण मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. एकाही पत्रात माझ्यासाठी ओळ नाही. 'दादाला काही सांगू नकोस' एवढं मात्र एका ठिकाणी आहे.

आणि तू विचारतोस, ता.क. का नाही. कसला ता.क.? मार्चमध्ये तू टेबलाबद्दल डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलंयस, हेही तिने मला वाचून दाखवलं नव्हतं. टेबलाचं मी कधी बोललोच नव्हतो. त्यावर फ्रेमांचे रिकामे खोके छतापर्यंत रचले होते. नंबराचं विचारलं नव्हतं. आणि 'बारक्या' हा शब्द बाबा गेल्यापासून माझ्या तोंडात आलेला नाही. वर लिहिलाय तो पहिला.

आधी भयंकर राग आला. दीर-भावजयीने मिळून मला खुळा ठरवला असं वाटलं. मग लक्षात आलं की तूही तसाच बसला होतास. मग बाबा आठवले. दार वाजलं की मी म्हणायचो, 'निघालाय.' ते डोळे मिटायचे. मी तुला म्हणालो होतो, माझ्या तोंडून खोटं बोलवून घेतलंस. आणि आपण दोघांनी हिच्याकडून? पत्रामागून पत्र, वर्षामागून वर्ष. तुझा तो मध्यस्थ मला आत्ता कळला. तिला तो पहिल्याच पत्रात कळला होता.

मी वाचायचा थांबलो तेव्हा तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. मला कळलंय हे तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर अशी भीती आली की लग्न झाल्यापासून मी तिला इतकी घाबरलेली पाहिली नव्हती. बोलता येत नाही, काही सांगता येत नाही, नुसती बघत होती. मग मी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि पुढचं वाचल्यासारखं म्हणालो, 'ता.क. दादाला सांग, त्या वेळी मी निघायला हवं होतं.' मला ती ओळ पाठ आहे. तिने डावा हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. किती वेळ ठेवला होता कुणास ठाऊक.

आता रोज एक पत्र वाचतो आणि शेवटी एक ओळ मनाची घालतो. ती कुठून येते ते तिला माहीत आहे. तरी तेवढ्यासाठी ती डोळे उघडते.

टेबलावरचे खोके काढलेत. ये म्हणत नाही. तुझं तू बघ.

दादा

---

१२ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं, मग जिन्यावर बसून परत वाचलं. शेजारचे वाट द्या म्हणाले तेव्हा उठलो.

चष्मा खरा आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, काडी मोडलीय, वापरत नाही, टाकलाही नाही. हे मी वहिनीला कधी लिहिलं नव्हतं. तिने तुला मनाने वाचून दाखवलं आणि तेवढं एक खरं निघालं. बाकीचं खरं करणं माझ्या हातात होतं. त्याला एक ओळ पुरली असती. ती मी लिहिली नाही, कारण तुझ्या नावाचे चार शब्द वाचून मला वाटायचं, आपलं सगळं ठीक चाललंय. कपाट रिकामं होतं आणि मी पोच वाचून निर्धास्त होतो. हॉस्पिटलातली चूक मी सगळ्या कचेरीला फळ्यावर काढून समजावली, आणि घरातली मला दिसली नाही.

तिने मला बोलावलं होतं. काही सांगायचंय, दोघांना समोर बसवून सांगायचंय म्हणाली. मी तिला लिहिलं, निघतो. दुसऱ्यांदा, दादा. आता ती काय सांगणार होती ते मला माहीत आहे, पण ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकून मी तिला म्हणणार होतो, वहिनी, तू काही चुकली नाहीस. आता हे मी ओरडून म्हटलं तरी तिला किती कळेल, कोण जाणे.

चौकशीवाल्यांना सांगून टाकलंय की मी इथे नसेन. काय करायचं ते करा. 'निघतो' असं मात्र लिहीत नाही. माझ्या तोंडी त्या शब्दाला काही किंमत उरलेली नाही. एवढंच कर, दार वाजलं तर तिला आधीच काही सांगू नकोस. उघडून बघ कोण आहे, मग सांग.

हे पत्र माझ्याआधी पोचलं तर तिला वाचून दाखव. मोठ्याने, शिंप्याला ऐकू जाईल असं. शेवटी तुझ्या मनाचं काही घालू नकोस. या वेळी सगळं मी लिहिलंय.

बारक्या

ता.क. दादा, त्या वेळी मी निघायला हवं होतं.